परीक्षकांचे शेरे डोक्यातून जात नाहीत. तुम्ही काय करता?

विंगेतली

नमस्कार मंडळी. नोकरी सांभाळून हौशी नाटक करते. नुकत्याच एका एकांकिका स्पर्धेत प्राथमिक फेरी संपल्यावर परीक्षक प्रत्येक संघाशी बोलले. आमच्या वाट्याला आलं ते थोडक्यात असं: संहिता बरी आहे, बसवलीही नीट आहे, पण मुख्य स्त्री भूमिका 'बाहेरून' केली आहे. आवाज पहिल्या प्रवेशापासूनच वरच्या पट्टीत लागतो, त्यामुळे शेवटच्या प्रसंगात चढायला जागा उरत नाही. आणि हात सतत चालतात.

मुख्य स्त्री भूमिका अर्थात माझी.

परीक्षक चुकले असं मला म्हणायचं नाही. माझी अडचण पुढची आहे. आता तालमीला उभी राहिले की वाक्यं सुचत नाहीत, हात दिसतात. घरी भाजी परततानासुद्धा डोक्यात चालू असतं, 'बाहेरून, बाहेरून'. दिग्दर्शक म्हणतो, सोडून दे. आई म्हणते, आम्हाला तर बाई आवडलं. दोन्हीचा उपयोग शून्य. चित्रीकरण बघायला घेतलं तर माझ्या पहिल्या वाक्यालाच बंद केलं, इतका स्वतःचा आवाज नकोसा झाला.

तर प्रश्न असा की वाईट बोलणं ऐकून घेऊन त्याचं काही तरी काम करायचं, पण स्वतःला दिवसभर कुटत बसायचं नाही, हे तुम्हाला जमतं का? नाटकातलंच हवं असं नाही. ऑफिस, गाणं, स्वयंपाक, काहीही चालेल.

चिवडेवाला

रुमाल टाकून ठेवतो. सविस्तर नंतर.

खोडसाळ_खंड्या

हात सतत चालणं हे मराठी हौशी नटाचं व्यवच्छेदक लक्षण आहे. ज्यांचे चालत नाहीत त्यांचे खिशात असतात. हलके घ्या.

जुना_प्रॉम्प्टर

सांगलीला हौशी संघात बरीच वर्षं प्रॉम्प्टिंग केलं, मग नाटकं बसवली. १८४३ मध्ये 'सीता स्वयंवर', पहिलं मराठी नाटक मानतात ते, झालं ते हे गाव, त्यामुळे इथे चहाच्या टपरीवरचा माणूसही परीक्षक असतो. शेरे खायची सवय आहे.

ताई, तुम्हाला मिळालेले तीन शेरे एका दर्जाचे नाहीत, आणि तुम्ही तिन्ही एकाच पिशवीत भरून खांद्यावर घेतलेत. 'आवाज वरच्या पट्टीत लागतो' हा उत्तम शेरा. उद्याच्या तालमीत त्याचं काही करता येतं. पहिला प्रवेश खुर्चीवर बसून, घरी बोलता तशा आवाजात म्हणा. दिग्दर्शकाला सभागृहाच्या शेवटच्या रांगेत बसवा आणि फक्त ऐकू येत नाही तिथे हात वर करायला सांगा. तुमच्या लक्षात येईल की वाटतं त्याच्या निम्म्या जोरातही आवाज पोचतो. मग कुठे चढायचं ते तुमच्या हातात.

हातांचं म्हणाल तर 'हात हलवू नकोस' असं सांगून कुणाचे हात आजवर थांबलेले नाहीत. उलट लाकडाचे होतात. हातांना काम द्या. आमच्याकडे एका मुलीला एका घरगुती प्रसंगात मेथीची खरी जुडी दिली होती. खोटी खोटी निवडायची नाही, पानं एका ताटात, देठ खाली कागदावर. पहिल्या दिवशी वाक्यं विसरली. दुसऱ्या दिवसापासून असं झालं की नवऱ्याला टोमणा मारताना ती देठ जरा जोरात तोडायची, आणि तो बोलत असताना तिचा हात आपोआप पानावर थांबायचा. हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. तालमीनंतर संघाला मेथीची भाजी मिळायची हा वरचा फायदा.

'बाहेरून केली' या शेऱ्याचं मात्र काही करता येत नाही. तो खोटा असेल असं नाही, पण त्यावर तालीम कशाची घ्यायची? असा शेरा मिळाला की परीक्षकाला नम्रपणे विचारावं, कुठल्या क्षणाला तसं वाटलं? ते सांगता आलं तर शेरा, नाही तर मत.

पेठेतली_पमा

काका, शेवटचं वाक्य फ्रेम करून ऑफिसात लावते.

टिकीट_क्लोज्ड

वा. आता आमच्या आयटीतली व्यथा ऐका. वर्षाच्या शेवटी अप्रेझलमध्ये लिहून आलं, 'ओनरशिप वाढवण्याची गरज आहे.' कशाची ओनरशिप? फ्लॅटची? मॅनेजरला विचारलं तर म्हणे 'यू नो, ओव्हरऑल.' वरच्या प्रतिसादानुसार हे मत झालं. पण पगारवाढ त्या मतावरच ठरली.

शिवाय आमच्याकडे सँडविच पद्धत आहे. आधी कौतुक, मध्ये खरं काय ते, शेवटी परत कौतुक. याचा परिणाम असा झालाय की कुणी 'प्रेझेंटेशन छान होतं हां' म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. कौतुकाची पार वाट लावली राव या लोकांनी.

समजुतीची_गोष्ट

मी व्यवसायाने समुपदेशक आहे, त्यामुळे थोडं लांबण लावते.

जुना_प्रॉम्प्टर यांनी अनुभवातून जे सांगितलं त्याच्या जवळचं संशोधनातही दिसतं. अव्राहम क्लूगर आणि अँजेलो डीनिसी यांनी १९९६ मध्ये अभिप्रायावरच्या बऱ्याच जुन्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. सरासरीने अभिप्रायाचा फायदा होतो हे निघालंच, पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी अभिप्राय मिळाल्यावर कामगिरी खालावली होती. त्यांचं स्पष्टीकरण असं की अभिप्रायामुळे लक्ष कामावरून उडून 'मी कशी आहे' याकडे वळलं की त्याचा उपयोग कमी होत जातो. विंगेतली, तुमच्या तालमीत नेमकं हेच झालंय. वाक्य, समोरचा नट, प्रसंग, हे सगळं बाजूला पडून तुम्ही स्वतःलाच बघत उभ्या आहात.

दुसरं, अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती. त्यांचा आग्रह होता की कृतीला गुण द्या, माणसाला देऊ नका. 'शेवटचा प्रसंग वर चढला नाही' हे कृतीबद्दल झालं. 'मला अभिनयच येत नाही' म्हणताना आपण एका प्रसंगावरून अख्ख्या माणसाचा निकाल लावतो. आणि त्याच्या तळाशी बहुतेक वेळा एक हट्ट असतो, की मी चांगलं काम केलंच पाहिजे आणि सगळ्यांना ते आवडलंच पाहिजे. इच्छा असायला हरकत नाही. तिचा 'च' झाला की त्रास सुरू होतो. माझ्याकडे येणाऱ्यांना मी हा 'च' शोधून वहीत लिहायला सांगते. लिहिल्यावर बऱ्याच जणांना स्वतःलाच हसू येतं.

कडवट_कॉफी

आला, कुरवाळणारा प्रतिसाद आला.

माफ करा, पण हौशी रंगभूमीचं वाटोळं टीकेने झालेलं नाही, 'छान झालं रे'ने झालंय. प्रयोग संपला की विंगेत जाऊन मिठ्या मारायच्या, ग्रुपवर बदाम टाकायचे, आणि बाहेर चहा पिताना खरं बोलायचं. पुण्याची कॉलेजांची एकांकिका स्पर्धा, पुरुषोत्तम करंडक, १९६३ पासून चालू आहे. २०२२ च्या अंतिम फेरीत परीक्षकांनी मुख्य करंडक कुणालाच दिला नाही. केवढा गदारोळ झाला! मला तो निर्णय आवडला. दर्जा नसेल तर नाही म्हणता आलं पाहिजे. मुलं काही मोडून पडत नाहीत.

रात्रपाळी

@कडवट_कॉफी, मोडून पडत नाहीत हे तुम्हाला कसं कळलं? कॉलेजची मुलं आहेत. लेक्चर बुडवून, पदरचे पैसे घालून, रात्री अपरात्री तालमी करतात. भारत नाट्य मंदिरात 'अरे आव्वाज कुणाचा' करून घसा फाडतात. करंडक न देणं म्हणजे 'कुणीच नाही' एवढंच कळतं. आपल्या एकांकिकेत नेमकं काय कमी पडलं हे प्रत्येक संघाला त्यावरून कसं कळणार? जुना_प्रॉम्प्टर काकांच्याच भाषेत, हा शेरा की मत?

कडवट_कॉफी

कधी कधी निकाल हाच शेरा असतो.

रात्रपाळी

टाळ्यांचं वाक्य आहे. पण तालमीत त्याचं काय करायचं?

खोडसाळ_खंड्या

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. खारे की चीजवाले?

जुना_प्रॉम्प्टर

मला दोघांचंही थोडं थोडं पटतं, म्हणजे भांडण मिटवायला मी निरुपयोगी. कुणी परीक्षक म्हणून बोलावलं तर मी एक पथ्य पाळतो. निकाल कडक लावायचा असेल तर आधी संघाशी बोलायला वेळ मागून घ्यायचा. वेळ नसेल तर कडकपणाही आवरायचा.

श्टुटगार्टचा_सोपान

इकडे जर्मनीत, आमच्या श्वाबेन भागात, एक म्हण आहे. तिचा अर्थ, 'बोलणी बसली नाहीत ना? मग तेवढं कौतुक पुरे.' ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा खात्री पटली की आमच्या तीर्थरूपांचं मूळ गाव हेच. दहावीचा निकाल हातात घेऊन त्यांनी विचारलं होतं, 'गणितात उरलेले कुठे गेले?'

ऑफिसातलं सांगतो. नवा होतो तेव्हा सहकारी सगळ्यांसमोर म्हणाला, 'ही मांडणी चूक आहे, चालणार नाही.' मी दुपारी जेवायला खाली मान घालून. तोच येऊन शेजारी बसला आणि सुट्टीत सायकलवरून कुठे गेला होता ते सांगायला लागला. त्याच्या लेखी विषय मीटिंगच्या खोलीत संपला होता. मी मात्र तो ट्राममधून घरी आणला, बायकोला वाढला, रात्री उशाला घेतला. आता बरीच सवय झालीय. पण उलटा तोटा असा की सुट्टीत पुण्याला आलो की मी तोंडावर बोलतो आणि नातेवाईक दुखावतात.

अवांतर: इथल्या शाळेत १ हा सर्वांत चांगला ग्रेड आणि ६ सर्वांत वाईट. लेकीने आजीला व्हिडिओ कॉलवर सांगितलं, 'गणितात एक मिळाला!' आजी गंभीर होऊन म्हणाल्या, 'असू दे हो बाळ, पुढच्या वेळी जास्त मिळतील.'

पेठेतली_पमा

आजी रॉक्स. :)

आईची_बाजू

'आम्हाला तर बाई आवडलं' म्हणणाऱ्यांच्या वतीने निषेध नोंदवते. माझा मुलगा नाटक करतो. प्रयोगाला सगळ्यात वाईट अवस्था आईची असते. त्याचं वाक्य अडकलं की माझा श्वास अडकतो. नाटक चांगलं की वाईट हे मला खरंच कळलेलं नसतं, तो घसरून पडला नाही एवढंच कळतं. मग बाहेर आल्यावर 'कसं झालं?' विचारलं की दुसरं काय सांगणार?

एकदा त्याने वेगळा प्रश्न विचारला. 'आई, तू घड्याळ कधी बघितलंस?' मी पटकन म्हणाले, 'ते दोघं मित्र गच्चीवर बोलतात तेव्हा.' त्याने तो प्रवेश कापून निम्मा केला. तेव्हापासून मला भाव आहे. तेव्हा मुलींनो, आयांना मोडीत काढू नका. विचारायचं नीट विचारा.

चिवडेवाला

रुमाल उचलतो. काकूंनी सगळं सांगून टाकलं, माझ्याकडे उरलं नाही काही.

पंचम_नको

गाणं शिकते, म्हणून स्वतःच्या आवाजाच्या मुद्द्यावर लिहिते. ध्वनिमुद्रित आवाज नकोसा वाटणं हे जवळजवळ सगळ्यांचंच होतं, त्यात तुमच्या अभिनयाचा दोष नाही. बोलताना आपला आवाज हवेतून कानाला येतो तसाच कवटीच्या हाडांतूनही आत पोचतो, आणि त्या वाटेने खर्जाकडचा भाग जास्त येतो. मुद्रणात ती वाट नसते, म्हणून आवाज चिरका, पातळ लागतो. बाकी जगाने तुम्हाला कायम तसंच ऐकलेलं आहे आणि त्यांची काही तक्रार नाही.

गुरुजी पहिल्यांदा रियाझाचं मुद्रण ऐकायला लावत तेव्हा मी कोपऱ्यात तोंड लपवायचे. त्यांनी एक युक्ती सांगितली. एका वेळी एकच गोष्ट ऐकायची. आज फक्त सम, कशी आली कशी गेली. उद्या फक्त 'आ'कार. बाकी काहीही खटकलं तरी त्या दिवशी ते आपलं नाही. तुम्हीही एकदा चित्र झाकून नुसतं ऐका, पट्टीसाठी. मग आवाज बंद करून नुसतं बघा, हातांसाठी. दोन्ही एकदम सुरू केलं की माणूस घाबरतो.

टिकीट_क्लोज्ड

मी कुठे तरी वाचलं होतं की लोक आपल्याकडे आपल्याला वाटतं त्यापेक्षा बरंच कमी बघतात. कुणाला नेमकं माहीत आहे का?

समजुतीची_गोष्ट

हो, कॉर्नेल विद्यापीठातल्या थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांचा २००० सालचा शोधनिबंध. विद्यार्थ्यांना एका गायकाचं चित्र असलेला, त्यांना घालायची लाज वाटेल असा टी-शर्ट घालून भरलेल्या खोलीत पाठवलं. त्यांचा अंदाज होता की जवळपास निम्म्या लोकांनी चित्र ओळखलं असेल. प्रत्यक्षात ओळखणारे पाव भागाच्या आसपास होते.

जुना_प्रॉम्प्टर

बाई, तुमचा आदर ठेवून सांगतो, हा दिलासा रस्त्यावर चालेल, रंगमंचावर नाही. तिथे लोकांनी बघावं म्हणूनच वरून दिवे मारलेले असतात. नटाला 'कुणी बघत नाही' हे पटवण्यापेक्षा 'बघतायत, बघू दे' हे पटवणं सोपं जातं.

समजुतीची_गोष्ट

मान्य. :) भाजी परततानाच्या वेळेपुरतं वापरावं मग.

कडवट_कॉफी

समजुतीची_गोष्ट यांना एक प्रामाणिक प्रश्न. मगाशी कुरवाळणं म्हणालो ते जरा जास्त झालं. पण स्वतःशी इतकं गोड वागलं तर माणूस सुधारेल कशाला? माझ्यात जी काही शिस्त आहे ती स्वतःला शिव्या घालूनच आली आहे.

समजुतीची_गोष्ट

रास्त शंका आहे. ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांनी २०१२ मध्ये हेच तपासलं. शब्दसंग्रहाच्या अवघड चाचणीत कमी पडलेल्या विद्यार्थ्यांपैकी एका गटाला स्वतःकडे सहानुभूतीने बघायला सुचवलं. दुसऱ्या चाचणीसाठी त्याच गटाने अभ्यासाला जास्त वेळ दिला. माझ्या अनुभवातलं कारण साधं आहे. चूक कबूल केली की मार बसणार हे माहीत असेल तर मन चूक बघायचंच टाळतं. विंगेतली यांनी पहिल्या वाक्यालाच चित्रीकरण बंद केलं ते त्यामुळेच असावं.

तुम्हाला शिव्यांनी शिस्त आली असेलही. त्या शिव्या खाऊन नाटक, गाणं, अभ्यास सोडून गेलेले लोक मात्र या धाग्यावर लिहायला आलेले नाहीत.

आणि एक गोष्ट कुणासाठी तरी लिहून ठेवते. हा कुटण्याचा आवाज आठवडेच्या आठवडे थांबत नसेल, झोप, जेवण, कामावर जाणं यावर परिणाम होत असेल, तर धाग्यावर भागणार नाही. डॉक्टर किंवा समुपदेशकाला भेटा. सरकारची 'टेलि-मानस' हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे.

कडवट_कॉफी

शेवटून दुसऱ्या परिच्छेदाला उत्तर नाही माझ्याकडे.

खोडसाळ_खंड्या

कडवट_कॉफी निरुत्तर! धाग्याची वाचनखूण साठवली आहे.

विंगेतली

सगळ्यांचे आभार. इतक्या प्रतिसादांची अपेक्षा नव्हती. घडामोडी सांगते.

आमच्या एकांकिकेत मेथीला जागा नाही, नायिका शिवणकाम करते असं दाखवलंय. आतापर्यंत मशीनशेजारी नुसती उभी राहून बोलायचे. आता एका ब्लाउजची उसवण खरीखुरी काढते, पिनेने, एकेक टाका. हात आटोक्यात आले. पण एकदा पिन बोटात गेली आणि 'आई गं' हे संहितेत नसलेलं वाक्य इतकं खरं आलं की दिग्दर्शक म्हणाला हे ठेवू या. मी नाही म्हटलं.

आवाज झाकून, चित्र झाकून दोन्ही केलं. पट्टीचं परीक्षकांनी सांगितलं त्याहून वाईट आहे. मी 'चहा ठेवू का?' हे वाक्यसुद्धा कुणाला तरी फाशी दिल्यासारखं म्हणते. गंमत म्हणजे चित्र नसताना हे ऐकून रडू न येता हसू आलं.

आणि काकांचं ऐकून परीक्षकांना फोन केला. दोन दिवस नंबर काढून बसले होते, मग लावला. ते चिडले नाहीत, उलट त्यांना प्रसंग नीट आठवत होता. म्हणाले, 'भावाच्या अपघाताचा फोन येतो ना, तिथे. फोन वाजायच्या आधीच तुमच्या चेहऱ्यावर बातमी आलेली होती. तिथून पुढे मला तुमचं काही खरं वाटेना.' म्हणजे 'बाहेरून' हे सगळं एवढ्याचसाठी होतं! मी संहिता वाचलेली आहे हे प्रेक्षकांना दिसत होतं.

आता प्रश्न असा की फोन येणार हे मला माहीत आहेच. ते विसरायचं कसं?

आईची_बाजू

फोन लावलास हे फार चांगलं केलंस गं.

जुना_प्रॉम्प्टर

विसरू नका, जमणार नाही. ध्वनीवाल्या मुलाला हाताशी धरा. तालमीत फोन कधी वाजवायचा हे त्याने ठरवायचं, तुम्हाला सांगायचं नाही. कधी दोन वाक्यं आधी, कधी तुमचं वाक्य अर्धवट असताना, एखाद्या तालमीत वाजवायचाच नाही. तुम्ही उसवण काढत राहायची आणि समोरच्याशी बोलत राहायचं, बस. प्रयोगात तो ठरल्या जागी वाजेल, पण तोवर तुमच्या शरीराची वाट बघायची सवय मोडलेली असेल. समोरच्या नटाला मात्र आधी सांगून ठेवा, नाही तर तो दचकून तुमचीच वाक्यं म्हणायला लागेल. आमच्याकडे झालंय.

खोडसाळ_खंड्या

आणि खरा मोबाइल सायलेंटवर ठेवा. तालमीत आईचा फोन आला तर चेहऱ्यावर काय येईल सांगता येत नाही.

टिकीट_क्लोज्ड

काकांचा फोन नंबर मिळेल का? माझ्या मॅनेजरला द्यायचा आहे.

कडवट_कॉफी

पुढचा प्रयोग पुण्यात असेल तर कळवा. येईन. आवडला नाही तर तसं सांगेन, आधीच सांगून ठेवतो.

विंगेतली

या की. महिनाअखेरीस खुला प्रयोग आहे, तारीख ठरली की इथेच टाकते. शेवटच्या रांगेत बसा, आणि आवडलं नाही तर कुठे ते सांगा.

कडवट_कॉफी

शेवटच्या रांगेतून मला चष्म्याशिवाय दिसत नाही. पण ठीक आहे, ऐकतो.